गुरुवारची खोली

खोलीत आली की सगळ्यात आधी ती दाराच्या काचेवर आपला स्कार्फ लावायची. चार कोपऱ्यांना चार टाचण्या. मग खिडक्यांच्या कड्या बघायची, कपाटामागं डोकावायची, आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन खाली थांबलेल्या बायकांना म्हणायची, "या."

पूर्व लंडनमध्ये, इल्फर्डजवळच्या एका लहानशा लायब्ररीत मी काउंटरवर बसत असे. वरच्या मजल्यावरची खोली आम्ही भाड्यानं द्यायचो. दर गुरुवारी दोन ते पाच ती खोली तिची. ती थेरपिस्ट होती. त्याआधी वीस वर्षं हॉस्पिटलात नर्स. जमैकाहून आईबापांबरोबर लहानपणीच इकडे आलेली. तिच्याकडे येणाऱ्या सगळ्या कृष्णवर्णीय बायका. कुणी नुकतीच रिटायर झालेली, कुणाचा घटस्फोट झालेला, कुणाची मुलं घर सोडून गेलेली. आयुष्यानं वळण घेतलं की माणूस बावचळतो, अशा दिवसांतल्या त्या बायका.

"आज किती जणी?" मी विचारत असे, कारण आमच्या नोंदवहीत आकडा लिहावा लागे.

"विचारतंय कोण?"

"मी."

"तू, की तुझी वही?"

आकडा ती सांगायची, नावं कधीच नाही. आमच्या मॅनेजरनं एकदा तिला फॉर्म दिला: नाव, पत्ता, कशासाठी येता. तिनं तो घडी घालून परत दिला. "डार्लिंग, या बायका आजवर जे बोलल्या ते कुणाच्या ना कुणाच्या फायलीत गेलंय. डॉक्टरच्या, कौन्सिलच्या, शाळेच्या. इथं नाही जाणार."

मला हे सगळं विचित्र वाटे. लपवण्यासारखं नसेल तर काच कशाला झाकायची? खरं सांगायचं तर माझा संशय त्याहून जुना होता. बसमध्ये अशी एखादी बाई शेजारी येऊन बसली की पर्स मांडीवर ओढून घ्यायची सवय आपल्याकडच्या किती जणींना आहे, ते तुम्हीही पाहिलं असेल. मलाही होती. हे लिहिताना लाज वाटते, पण होती.

शिवाय ते दिवस माझे वाईट होते. माझे मिस्टर गेले त्याला वर्ष व्हायचं होतं. घरी शांतता आणि कामावरही शांतता. त्यात गुरुवारी डोक्यावरच्या छतातून हसण्याचे आवाज यायचे. थेरपीत माणसं हसतात का, असं मी मनातल्या मनात मॅनेजरला विचारत असे.

एकदा खुर्च्या पोचवायला वर गेले तेव्हा तिची पद्धत ओझरती दिसली. खुर्च्यांचं वर्तुळ नाही की हातात पॅड नाही. बायका एका टेबलाभोवती बसून शेंगा सोलत होत्या. मला पाहताच सगळ्या गप्प. मी खुर्च्या ठेवल्या आणि निघाले. मागून तिचा आवाज आला, "हां, तर तुझ्या घरी आता स्वयंपाक कोण करतं?" आणि कुणीतरी रडायला लागलं. मी जिना भराभर उतरले. एवढ्या साध्या प्रश्नानं कुणी रडतं, हे मला त्या वेळी काही तरी बनवाबनवीचं वाटलं.

मग तो गुरुवार. नेहमीपेक्षा दुप्पट बायका आल्या, झाकलेली भांडी घेऊन. थोड्या वेळानं वरून गाणी सुरू झाली, मग टेबलावर काही तरी आपटल्याचे आवाज, मग हशा. मी जिन्यापर्यंत गेले. तळलेल्या माशांचा वास येत होता, आणि त्यात रमचा. मी दार वाजवलं नाही. खाली आले आणि वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: खोलीत पार्टी. मद्य.

पुढच्याच आठवड्यात तिचं बुकिंग रद्द झालं.

ती किल्ली परत करायला आली. ओरडली नाही. काउंटरवर किल्ली ठेवून म्हणाली, "आमच्यातल्या एकीची आई गेली. जमैकात. हिला जाता आलं नाही. आमच्याकडे नऊ रात्री लोक जमतात. गातात, जेवतात, सोंगट्या आपटत डॉमिनोज खेळतात, आणि नवव्या रात्री गेलेल्या माणसाला वाटेला लावतात. तिच्याकडे कुणी जमायला नव्हतं, म्हणून आम्ही नवव्या दिवशी इथं जमलो. तुमची लायब्ररी रात्री बंद, मग दुपारी केलं. रम झाकणभर होती. तिच्या आईसाठी, कोपऱ्यात ओतायला."

मी किल्ली उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

"तू दार वाजवलं असतंस," ती म्हणाली, "तर ताट वाढलं असतं तुला."

आता मी कोण होते ते सांगते. मिस्टरांच्या दहाव्याला मागच्या बागेतल्या भिंतीवर भात ठेवून मी दोन तास कावळ्याची वाट बघितली होती. आली कबुतरं. शेजारच्या इंग्रज बाईनं पडद्याआडून पाहिलं तेव्हा मी पक्ष्यांना खायला घालतेय असं दाखवत हात हलवला होता. मला तर कळायला हवं होतं.

मी मॅनेजरकडे गेले, सगळं सांगितलं. तो सज्जन होता. म्हणाला, "पण तुम्हीच लिहिलंय ना वहीत?" खोली एका योगाच्या क्लासला गेली.

तिचा ग्रुप दूर एका चर्चच्या हॉलमध्ये भरतो असं कळलं. अर्ध्याच बायका तिथं पोचू शकत होत्या; दोन बस बदलाव्या लागत. मी दोन बस बदलून गेले. ती हॉलला कुलूप लावत होती. माफी मागता मागता, का कोण जाणे, मी मिस्टरांचंही सांगून बसले. आणि विचारलं, मी येऊ का गुरुवारी?

"नाही," ती म्हणाली. "ही खोली त्यांची आहे. तू आत आलीस की त्या पुन्हा गप्प होतील. ते तुलाही माहीत आहे." मग माझ्याकडे बघत राहिली. "पण बस स्टॉप कुणाचाही असतो. चल."

आम्ही बाकावर बसलो. तिची बस आली, तिनं जाऊ दिली. दुसरीही.

"काय नाव होतं त्याचं?"

मी सवयीनं स्पेलिंग सांगायला लागले. वर्षभर प्रत्येक ऑफिसात तेच केलं होतं.

"स्पेलिंग नको. हाक कशी मारायचीस?"

मी सांगितलं की आमच्याकडे माझ्या वयाच्या बायका नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. मी 'अहो' म्हणायचे. एकोणतीस वर्षं. ते गेल्यापासून तो शब्द तोंडातून निघालेला नाही, कारण तसं म्हणण्याजोगं कुणी उरलेलंच नाही.

"अहो," तिनं म्हणून पाहिलं. मग तोंडाभोवती हात धरून, समोरच्या फुटपाथवर कुणी चाललं असावं तशी खणखणीत हाक मारली, "अहो!"

ती वारल्याचं मला मागच्या महिन्यात कळलं. त्या संध्याकाळनंतर आमची भेट झाली नाही. तिच्या बायका आता कुठं जमतात ते मी विचारलं नाही; मला कुणी सांगितलंही नसतं, आणि ते बरोबरच आहे.

पण त्या हाकेसरशी मी मान वळवून रस्त्यापलीकडे पाहिलं होतं. अगदी खरोखर पाहिलं होतं. आणि तिनं मला तसं बघू दिलं, तिसरी बस येईपर्यंत.