पाठ कोणी पाहिली

नरोलीतल्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगेतली ती खोली दहा बाय दहाची होती. वर पत्रा, खिडकी नाही, उजेड फक्त दारातून. तिथे दोन कामगार राहत. एक रात्रपाळीला जाई, दुसरा दुपारपाळीला. गादी एकच होती आणि ती क्वचितच रिकामी असे. मी तेव्हा सिल्वासातून एका दैनिकाला बातम्या पाठवत होतो. कुष्ठरोगाच्या घरोघर तपासणीवर लिहायचं म्हणून आरोग्य कर्मचाऱ्याबरोबर सकाळपासून फिरत होतो.

रात्रपाळीचा नुकताच झोपून उठला होता. वय पंचविशीच्या आसपास, गाव नंदुरबारकडचं. त्याच्या दंडावरचा फिकट चट्टा कर्मचाऱ्याने उंबऱ्यातूनच हेरला. शर्ट काढायला सांगताच तो सोबत्याकडे वळला.

"भो, तू जरा बाहेर बस."

"का? लाजतो का नवरीसारखा?" सोबती हसत बाहेर गेला. याने पत्र्याचं दार ओढून कडी लावली. आम्ही तिघं अंधारात उभे राहिलो.

मी मोबाइलचा टॉर्च धरला. कर्मचाऱ्याने माझ्याकडून बॉलपेन मागून घेतला, त्याला डोळे मिटायला लावलं आणि पेनाचं टोक अंगावर ठिकठिकाणी हलकेच टेकवत गेला. टोक जाणवेल तिथे त्याने बोट ठेवायचं होतं. साध्या कातडीवर बोट लगेच येई. चट्ट्यावर येत नव्हतं. दंड, छाती, पोट, मांडी मिळून असे पाच चट्टे झाले. पेन परत घेऊन मी वहीत पाच लिहिलं.

कर्मचारी लिहीत नव्हता. पाचपर्यंत चट्टे असले तर सहा महिने गोळ्या, त्याहून जास्त असले तर वर्षभर, असं त्याने सांगितलं. "टॉर्चच्या उजेडात सगळेच फिकट चट्टे दिसत नाहीत. बाहेर चल. पाठ नीट बघू दे."

"पाच लिहा ना, दादा. तिकडं सगळी रांग बघते. कळलं तर ही खोली गेली. दुसरी कोण देणार मला?"

"कमी दिवस गोळ्या घेतल्या आणि आजार आत राहिला तर?"

"पाठीवर काही नाही."

"तू पाहिलीस? कोणी पाहिली तुझी पाठ?"

पत्रा तापत चालला होता. बाहेर कोणीतरी चूळ भरली.

"मी पाहिली," दाराच्या पलीकडून सोबती म्हणाला. "एक मोठा आहे, खांद्याखाली. पावसाळ्यापासून आहे."

आत तो कडीवर हात ठेवून उभा होता, दार उघडतही नव्हता आणि कडी सोडतही नव्हता. त्याच्यामागे आम्ही दोघं. बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती.

"बोलला का नाहीस?" त्याने दारालाच विचारलं.

"तू सांगशील म्हटलं. आता उघड, डबा आत आहे माझा. कंपनी काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

तो कर्मचाऱ्याकडे वळला. "त्यालाही होऊ शकतं?"

"एका खोलीत राहता. तपासावं तर लागेलच."

त्याने कडी काढली.

ओट्यावर भर उन्हात त्याची पाठ तपासली. खांद्याखाली एक, कमरेवर आणखी एक. एकूण सात. शेजारच्या दोन दारांत माणसं येऊन उभी राहिली. सोबत्याने न सांगता शर्ट वर केला आणि स्वतःची पाठ दाखवली. तिच्यावर काही नव्हतं. मग तो आत जाऊन डबा घेऊन आला.

"खोलीचं?" याने खाली बघत विचारलं.

"आल्यावर बघू," सोबती म्हणाला आणि वळून न बघता रांगेच्या टोकाच्या फाटकाकडे गेला.

रांगेतलं कोणी आत गेलं नव्हतं. तो शर्टाकडे हात नेऊ लागला तसा कर्मचाऱ्याने त्याला थांबवलं. कोपरामागची नस जाड झाली आहे का ते अजून पाहायचं होतं. तो तसाच उघड्या अंगाने बसून राहिला.