शेळ्यांचा वास

शेळीवालीनं थोरल्या दिराला माफ केलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मनात धरलेलं सोडणारी बाई नव्हे ती. टेकडीवरचं घर तिच्या गवंडी नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी बांधलेलं. तो गेला, आणि महिना सरायच्या आत दिरानं तिचं बोचकं दाराबाहेर ठेवलं. "शेळ्यांचा वास येतो," म्हणाला. तेव्हापासून ती पायथ्याच्या पत्र्याच्या खोलीत राहायची आणि वर बघून दातओठ खायची.

पुढे टेकडीवर वणवे लागायला लागले. अग्निशमनवाल्यांनी तिलाच बोलावलं. घरांमागचं वाळकं गवत, झुडपं शेळ्यांनी फस्त केली की आगीला पुढं सरकायला काही उरत नाही. तिनं सगळ्यांचे उतार चारून साफ केले. दिराच्या कुंपणाशी मात्र कळप वळवला. तिथं गवत कमरेएवढं माजलं होतं.

"जळू दे मेल्याला!"

पण परतताना तिची नजर नवऱ्यानं रचलेल्या भिंतीवर गेली. दीर जळाला असता तर तिला चाललं असतं, ती भिंत जळलेली चालली नसती. स्वतःचाच राग आला तिला. आणि मग हसू फुटलं.

गच्च झुडपात शेळ्या नुसत्या चारून भागत नाही, रात्री तिथंच कोंडाव्या लागतात. मग उरलंसुरलं खुरांखाली भुईसपाट होतं. कोंडायची जाळी कुठं ठोकायची ते तिच्या हातात. तिनं ती ठोकली दिराच्या निजायच्या खोलीखाली, आणि बोकड बांधला थेट खिडकीशी.

"अगं, नाक फाटायची वेळ आलीय!" दीर वरून ओरडला.

"खिडकी लावा की, भावजी."

"उकडून मरू?"

"मरा."

त्याच आठवड्यात वणवा आला. पलीकडचं सगळं रान खाऊन उघड्या जमिनीपाशी पोचला आणि तिथंच विझला. घराला झळसुद्धा लागली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. दिराचा तर सुंभही जळला नव्हता. "आता ने तुझी जनावरं," एवढंच तो बोलला. तिनं जाळी उपटली आणि कळप खाली नेला.

गवताला कुठं मान-अपमान? ते पुन्हा वाढलं. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर दीर काठी टेकत पत्र्याच्या खोलीशी आला.

"शेळ्या कधी आणतेस?"

"वास येतो ना त्यांचा?"

"येऊ दे," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोला, भावजी. ऐकू आलं नाही."

शेजारीपाजारी दारात उभे होते. दिराची मान खाली गेली.

"येऊ दे वास!"

तेव्हा कुठं तिनं जाळी खांद्यावर घेतली.