शिवाच्या कानाची पाळी

हे मी बायकोलाही सांगितलं नाही, आणि ती गेली. देवळात उभा राहिलो तरी मनातल्या मनात भलतंच काहीतरी बोलत राहिलो. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही — म्हणून तुमच्यापुढे जमेल असं वाटतं. जमेल का? मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेला. अक्षर वाकडं. वाचता आलं तर वाचा.

मी तांडेल होतो. म्हणजे मचव्यावरचा मुख्य. मी सांगेन तिथं खलाशी जाळं टाकायचे. तांडेलाची नजर चुकत नाही, असं आमच्या बंदरात लोक म्हणत. मला ते ऐकायला आवडे. फार आवडे. हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या मचव्यावर दोन जुळे भाऊ होते, शिवा आणि धर्मा. आईबाप लहानपणीच गेलेले, माझ्या हाताखालीच मोठे झाले. तोंड एक, आवाज एक, हसणंसुद्धा एक. अख्खी वाडी फसायची. मी नाही. शिवाचा कान बारीक, आणि पाळी खाली गालालाच चिकटलेली. कान टोचताना सोनार वैतागला होता, भोक पाडायला जागाच मिळेना. धर्माचा कान मोठा, पाळी सुटी, लोंबती. एवढाच फरक. पण कान बघतो कोण? दोघं डोक्याला फडकी बांधून पाठमोरे बसायचे आणि विचारायचे, "मामा, वळखा बघू, मी कोन?" मी फडकं जरासं वर करायचो आणि नाव सांगायचो. लोक चिडवायचे, "तांडेल मानसाचं तोंड बघत नाय, कान बघतो."

माझी लेक येसू मी शिवाला दिली. धर्माची बायको पारू. लग्न नवीन असताना येसूनं एकदा धर्मालाच नवरा समजून पानावर बसवलं, आणि तो लबाड मुकाट्यानं पोटभर जेवून उठला. सगळे हसले. पोर शरमेनं रडत बसली. तेव्हा मी तिला सांगितलं, तोंडाकडे बघू नको, कान बघत जा.

मीच शिकवलं तिला. हे ध्यानात ठेवा.

इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. कार्तिकातलं वादळ. दोघं भाऊ लहान होडी घेऊन गेलेले, मी तापानं घरी पडलेला. आधी होडीची फळी आली. मग काही दिवसांनी कातळाखाली एक प्रेत लागलं. एकच, दुसरं कधी लागलंच नाही. फुगलेलं, तोंड माशांनी ठेवलेलं नाही, अंगावर कपडा नाही. डावा कानही गेलेला.

उजवा होता.

येसू आणि पारू वर पाखाडीच्या पायऱ्यांवर एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. बायकांना खाली येऊ दिलं नव्हतं. पोलीस पाटलानं विचारलं, "तांडेल, कोन ह्यो?" सगळे सवयीनं माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बसलो. कान धुतला. पाळी बोटानं चाचपली. मला काय कळायचं ते कळलं — अजून काय लिहू?

वरून येसू म्हणाली, "बाबा, मला नुसता कान बघू दे."

ओरडली नाही ती. हळूच म्हणाली, पण वारा पडला होता, मला ऐकू आलं.

"मी बघितलाय," मी म्हणालो. "धर्मा हाय."

पाळी चिकटलेली होती. शिवा होता तो. माझा जावई.

पारूनं तिथंच हात दगडावर आपटले. बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. येसूनं तिला मिठी मारली, आणि मिठीतूनच माझ्याकडे बघितलं — तिचे डोळे मला काय म्हणत होते? वाचला माझा, असंच ना? धर्माच्या नावानं आम्ही शिवाला जाळलं. पिंडसुद्धा धर्माच्या नावानं. शिवाला कुणी पाणी दिलं नाही.

मला वाटलं, चार दिवस जाऊ देत. पोर जरा सावरली की सांगू, माझी नजर चुकली, प्रेत फुगलेलं होतं. मला कोण बोललं असतं? कुणीही नाही. पण तांडेलाची नजर चुकली, हे शब्द तोंडातून निघेनात. चार दिवसांचे महिने झाले. तिच्यासाठी खोटं बोललो असं मी स्वतःला सांगायचो. मग खरं कुणासाठी दाबलं?

आमच्यात विधवेचा पाट लावतात, दुसरं लग्न करून देतात. वर्ष सरल्यावर पारूचा पाट संगमेश्वराकडच्या एकाशी लागला. भला माणूस निघाला. तिला मुलं झाली, नातवंडं झाली. गणपतीला अजून येते, येसूला लुगडं आणते.

येसूलाही मागणी आली होती. देवरूखचा बिजवर, दुकानवाला. बिचारा चाचरत म्हणाला, इतके दिवस झाले, शिवा आता कसला येतोय. मी त्याला ओटीवरून हाकलला. म्हटलं, नवरा जिवंत असलेल्या बाईला मागणी घालता, लाज नाही वाटत? वाडीनं ऐकावं म्हणून मोठ्यानं म्हटलं. येसू दाराआड होती. बाहेर आली आणि माझ्या पाया पडली.

तेव्हा तिला मूल झालं असतं. तेव्हा बोललो असतो तर झालं असतं.

आता तिचे केस पांढरे झालेत. कुंकू रोज लावते. माझं सगळं तीच करते. मऊ भात कालवून माझ्यापुढे ठेवते. तिला वाचता येत नाही, म्हणूनच मी हे इथं तिच्यासमोर बसून लिहू शकतो. काय लिहिता बाबा, असं तिनं मघाशी विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

बाजारात किंवा बंदरावर कुणी अनोळखी म्हातारा दिसला की ती थांबते. त्याच्या तोंडाकडे बघत नाही. जरा बाजूला सरकते, आणि त्याचा कान बघते.