आयुष्यभराच्या वॉरंटीची पक्कड

या पृथ्वीतलावर कोणत्याही वस्तूवर विश्वास ठेवू नये, आणि ठेवायचाच झाला तर आधी बिलावर दुकानाचा शिक्का मारून घ्यावा, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे आणि तो माझा सख्खा साडू आहे. लातूरला असतात. रेणापूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणतात आणि मीही म्हणतो. नद्या, पठारं आणि मोसमी वारे त्यांनी पोटासाठी शिकवले. जीव मात्र सगळा हत्यारांत. हत्यारं म्हणजे मारामारीची नव्हेत. पक्कड, पाना, पेचकस, हातोडी, कानस. त्यांच्या बैठकीत बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो शेजारी शेजारी आहे आणि दोन्ही पाणसळ लावून टांगलेले आहेत. नवा पाहुणा आला की गुरुजी स्टुलावर चढतात, फोटोच्या चौकटीवर पाणसळ ठेवतात आणि बुडबुडा बरोबर मधोमध आहे हे त्याला दाखवतात. मग पाणी मिळतं. माझं नांदेडला चष्म्याचं दुकान आहे, म्हणजे पेचकसावर माझं पोटच चालतं, पण माझ्या दुकानातले ते काडीएवढे पेचकस पाहून ते पहिल्या भेटीतच म्हणाले होते, "साडूभाऊ, ह्यानं मुंगीचे दात दुरुस्त होतील." तेव्हापासून हत्यारांच्या विषयावर त्यांनी माझं मत कधी विचारलं नाही.

लातुरात हार्डवेअरची दुकानं काय थोडी आहेत? पण गुरुजींची खरेदी नांदेडला. याचं कारण ते गंभीरपणे सांगतात, की लातूरची गंजगोलाईची बाजारपेठ गोल असल्यामुळे माणूस फिरून फिरून पुन्हा पहिल्याच दुकानापाशी येतो आणि भावाची तुलना होत नाही. म्हणून अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेड गाठायचं आणि वजिराबादेतल्या एका बोळात चाचांच्या दुकानी जायचं. चाचा म्हणजे दुकानाचे मालक, पांढरी दाढी, शांत स्वभाव, आणि गुरुजी दिसले की आधी नोकराला चहा सांगायचा हा त्यांचा शिरस्ता. कारण गुरुजींचं एक पेचकस घेणं म्हणजे अर्धा दिवस. पक्कड घ्यायची असेल तर ते तिचं तोंड मिटून ट्यूबलाइटसमोर धरतात. मधून उजेड दिसला की बाजूला. मग तिचा एक दांडा हातात धरून दुसरा सोडतात. तो धाडकन पडला तर पक्कड ढिली, पडलाच नाही तर आवळ. जेवून उठलेल्या माणसासारखा सावकाश खाली यायला हवा. हातोडी घेताना दांड्याच्या लाकडाच्या रेषा पाहतात. पाना घ्यायचा तर घरचा नट-बोल्ट धुतलेल्या रुमालात बांधून आणतात, कारण दुकानातल्या बोल्टवर त्यांचा भरवसा नाही. एकदा मी कंटाळून म्हणालो, "गुरुजी, सगळ्यात महागाचा घ्या आणि मोकळे व्हा." त्यावर त्यांनी मला बाकावर बसवून धडाच दिला. "महागाचं हत्यार माणूस वापरत न्हाई, कपाटात ठेवतो. स्वस्ताचं हत्यार माणसाला वापरू देत न्हाई. मधलं घ्यावं, लोखंड पाहून घ्यावं, अन् वॉरंटी वाचून घ्यावी." चाचा गल्ल्यावरून म्हणाले, "गुरुजी, तुमच्यासारखं अजून एक गिऱ्हाईक मिळालं ना, तर मी दुकान त्यालाच देऊन टाकीन." गुरुजींना ही स्तुती वाटली.

आणि वॉरंटी तर त्यांनीच वाचावी. मी दुकानातलं एक भिंग त्यांना दिलं होतं, म्हातारपणी पेपर वाचायला म्हणून. त्या भिंगाखाली पेपर कधी गेलाच नाही. पाकिटाच्या मागची मुंगीएवढी अक्षरं ते एकदा स्वतःसाठी आणि एकदा घरच्यांसाठी मोठ्यानं वाचत. आता पाकिटावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र असतं, ते मोबाइलनं टिपून नोंदणी करावी लागते. ते शिकायला त्यांना माझ्या बायकोनं मदत केली आणि पश्चात्ताप पावली, कारण त्यानंतर ते कंपनीच्या मदत क्रमांकावर थेट बोलू लागले. घरात अस्सल लातुरी बोलणारा हा माणूस फोनवर एकदम वर्गात शिरल्यासारखा बोलतो. "भगिनी, आपण आयुष्यभराची वॉरंटी असे लिहिले आहे. आयुष्य नेमके कोणाचे? हत्याराचे, कंपनीचे, की माझे?" पलीकडची मुलगी थांबायला सांगून गेली ती बराच वेळ आलीच नाही. फोनवर गाणं वाजत राहिलं आणि गुरुजी मान डोलवत ते ऐकत बसले. शेवटी मुलगी परतली आणि साहेबांना विचारून कळवते म्हणाली. अजून कळवलेलं नाही. पण त्या बोलण्यात ती मूळची हिमायतनगरची, हे मात्र गुरुजींनी काढून घेतलं आणि तिथल्या पावसाची सरासरी तिला सांगितली.

वॉरंटी जाईल या भीतीनं त्यांनी काय काय केलं नाही! शिरूर अनंतपाळला माझ्या बायकोच्या चुलतभावाचं लग्न होतं. मंडपाच्या एका खांबाचा बोल्ट ढिला झाला आणि वऱ्हाडाच्या डोक्यावर मंडपाचं छत झुलायला लागलं. मंडपवाल्याकडं पाना नव्हता. गुरुजींच्या खिशात होता, नवाकोरा, आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मंडपवाला हात पुढं करून उभा आणि गुरुजी त्याला विचारतात, "हे तुमचं काम धंद्याचं की घरचं?" तो म्हणाला, "धंद्याचंच की हो." गुरुजींनी खिशावर हात ठेवला. "मग अडचण हाय. व्यावसायिक वापर केला की वॉरंटी जाते." छत आणखी वीतभर खाली आलं. शेवटी नवरीचे वडील धावत आले, हात जोडून म्हणाले, "गुरुजी, लग्न घरचं हाय, मांडव घरचा हाय, हा मंडपवालाबी घरचाच समजा." तेव्हा पाना बाहेर आला. तोही गुरुजींनी स्वतःच लावला, दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

अशा माणसाशी संसार केला माझ्या थोरल्या मेहुणीनं, आमच्या आक्कानं. आक्का अंगणवाडीत होती. बोलायला मोकळी, हसायला मोकळी, आणि गुरुजींच्या हत्यारांची तिला काडीइतकीही भीड नव्हती. एकदा दोघं आमच्याकडं नांदेडला आले असताना गुरुजींनी चाचांच्या दुकानातून एक पक्कड घेतली. लाल दांड्याची, जडशी, पाकिटावर आयुष्यभराची वॉरंटी. उजेडात पाहून झाली, दांडा सोडून झाला, पाकीट दोनदा वाचून झालं. त्यातल्या अटींमध्ये एक अशी होती, की हत्यार आगीच्या संपर्कात आलं तर वॉरंटी राहणार नाही. महिनाभरात आक्कानं त्या पकडीनं चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं, चहाचं पातेलं उतरवायला सुरुवात केली. तिच्या सांडशीतून पातेलं निसटायचं, आणि या पकडीतून ते हलत नव्हतं. निवडलीच होती तशी. पकडीच्या तोंडावर दुधाचे डाग आणि काजळी दिसल्यावर गुरुजींनी घर डोक्यावर घेतलं.

"अगं, आगीजवळ न्यायची न्हाई, असं लिहिलंय."

"मग तुम्ही उतरवा पातेलं, हातानं."

"वॉरंटी जाईल ना."

"जाऊ द्या. चहा तर आला."

गुरुजींनी दांड्यावर पांढऱ्या रंगानं 'फक्त दुरुस्तीसाठी' असं लिहिलं. आक्कानं ते वाचलं आणि पक्कड स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली. म्हणाली, "मीबी दुरुस्तीच करून राहिले. चहा घेतल्याबिगर तुमचं डोकं कुठं चालतं?" मग रोज संध्याकाळी गुरुजी पक्कड खिळ्यावरून काढायचे, रॉकेलच्या चिंधीनं तिचं तोंड घासून दुधाचे डाग काढायचे, म्हणजे पुढंमागं कंपनीला दाखवायची वेळ आली तर आगीचा पुरावा नको. आणि रोज सकाळी आक्का तिच्यावर नवा डाग पाडायची. हे वर्षानुवर्षं चाललं. आम्ही लातूरला गेलो की ही घासाघीस बघत चहा प्यायचो, आणि चहाला किंचित रॉकेलचा वास येतो असं मी म्हटलं की दोघंही एकमेकांकडं बोट दाखवायचे.

आक्का गेल्या थंडीच्या आधीच्या थंडीत गेली. फार दिवस अंथरुणावर नव्हती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी गुरुजी आलेल्या प्रत्येकाला जय भीम करत होते, सतरंज्या सरळ करत होते, पण फोटोवर पाणसळ ठेवून कुणाला दाखवली नाही. त्यानंतर ते गप्पच झाले. फोन केला की "बरं हाय" एवढंच. हत्यारांवर धूळ बसलेली मी डोळ्यांनी पाहिली, आणि खरं सांगतो, त्यांचं रडणं पाहून लागलं नसतं इतकं ते मला लागलं. माझी बायको म्हणायची, "दाजी असे गप्प राहिले तर जास्त दिवस काढायचे न्हाईत." आम्ही त्यांना नांदेडला राहायला बोलावलं, आले नाहीत.

आणि मग एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज एकदम वर्गातला. "साडूभाऊ, पक्कड गेली. तार कापून राहिलो होतो, धारेचा टवका उडाला. आता बघतो कंपनीकडं." मी फोन ठेवून बायकोला सांगितलं आणि ती डोळे पुसत हसली. एखाद्याची पक्कड मोडली म्हणून घरात आनंद झाल्याची माझ्या माहितीतली ही एकमेव घटना. पुढचे काही आठवडे गुरुजी पुन्हा पूर्वीचे झाले. मदत क्रमांकावर बोलले, नोंदणी शोधली, भिंग पुसलं, चाचांना फोन करून करून हैराण केलं. कंपनीचा माणूस अमुक दिवशी दुकानात येणार असं कळताच ते आदल्या दिवशीच आमच्याकडं मुक्कामाला आले. जेवताना त्यांनी आम्हाला वॉरंटीच्या सगळ्या अटी ऐकवल्या. माझ्या बायकोनं त्यांना पुन्हा भात वाढला आणि त्यांनी तो खाल्लाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीही दुकान बंद करून बरोबर गेलो. कंपनीचा माणूस तरुण होता, सभ्य होता. त्यानं पक्कड हातात घेतली, टवका पाहिला, मग तिचं तोंड पाहिलं. आक्का गेल्यापासून चिंधी फिरली नव्हती. काजळी होती तशीच होती. "ही आगीवर धरली होती का?" त्यानं विचारलं. चाचांनी डोळ्यांनी गुरुजींना खुणावलं आणि स्वतःच म्हणाले, "अरे साहब, पुरानी चीज आहे, वापरून काळी पडली." मीही मान हलवली. एवढ्या आठवड्यांची उमेद त्या काळ्या डागावर अडकली होती आणि ती गेली तर गुरुजी पुन्हा गप्प होतील, अशी मला भीती होती. गुरुजी मात्र शांतपणे म्हणाले, "व्हय. आगीवरच धरायची. आमची मंडळी हिनं चहा उतरवायची. रोज."

त्या माणसानं पक्कड उलटून पाहिली. दांड्यावरची पुसट पांढरी अक्षरंही त्यानं वाचली असावीत. मग म्हणाला, "धार गेली ती काही चहानं गेली नाही, गुरुजी. देतो बदलून." त्यानं नवी पक्कड काउंटरवर ठेवली आणि जुनी आपल्या पिशवीत टाकायला उचलली.

"जुनी तुम्ही नेणार?"

"हो, जमा करावी लागते. तसा नियम आहे."

हा नियम गुरुजींना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. अट त्यांनी आदल्याच रात्री आम्हाला वाचून दाखवली होती. पण वाचणं निराळं आणि ती पक्कड परक्या पिशवीत जाताना पाहणं निराळं. त्यांनी नवी पक्कड उचलली, सवयीनं ट्यूबलाइटसमोर धरली, दांडा सोडून पाहिला. "चांगली हाय," ते म्हणाले आणि ती परत काउंटरवर ठेवली. मग त्या माणसाच्या हातातून जुनी हळूच काढून घेतली. "राहू द्या मग. हिचं काम व्हतंय अजून."  चाचांनी नोकराला चहा सांगितला, पण आम्ही थांबलो नाही.

घरी येईपर्यंत मला धीर निघेना. रस्त्यात मी म्हणालो, "गुरुजी, एवढा खटाटोप केला आणि मिळालेली वॉरंटी सोडून आलात." ते म्हणाले, "मिळाली ना? तेवढंच बघायचं होतं. त्यांनी दिली." आणि पुढं चालू लागले, पिशवी छातीशी धरून.

संध्याकाळी माझी बायको चहा टाकायला उठली तर गुरुजी आधीच स्वयंपाकघरात. "आज मी करतो," म्हणाले. त्यांनी चहा केल्याचं आमच्या कुणाच्या ऐकिवात नव्हतं. साखर जास्त पडली, दूध ओतताना ओट्यावर सांडलं, पातेलं उतू आलं तेव्हा ते बेसावध होते. घाईनं पिशवीतून पक्कड काढून त्यांनी पातेल्याची कड धरली आणि ते उतरवलं. पातेलं जरासुद्धा हललं नाही. उतू गेलेलं दूध मात्र पकडीच्या तोंडावर चढलं आणि तिथंच करपलं. मला त्या क्षणी आक्काची इतकी आठवण आली, की मी खिडकीकडं तोंड फिरवलं. बायकोनं ओलं फडकं घेतलं आणि पक्कड पुसायला हात पुढं केला. गुरुजींनी ती मागं घेतली.

"असू द्या तसंच," ते म्हणाले, आणि डागासकट पक्कड रुमालात गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवली.