मीराच्या पावणेचार फेऱ्या

मैदानावर माणसं फार बोलत नाहीत. धावतात, नाहीतर धापा टाकतात. तरीही अहमदपूरच्या एका मैदानाची राखण करत मी वीस वर्षं काढली, अन् किस्से इतके साठले की एक सांगायला घ्यावा तर मागचे चार ढकलाढकली करत पुढे येतात. माझं काम साधं. सकाळी दगड वेचायचे, पाणी मारायचं, फक्कीनं धावपट्टीच्या रेषा आखायच्या. शाळा तिसरीपर्यंत झाली. मीरा कशी धावली ते मात्र रोज डोळ्यांनी पाहिलं, म्हणून तिचेच सांगतो.

मीरा चाकूरकडची. पहिल्या एसटीनं यायची. पंधराशे मीटर, म्हणजे मैदानाच्या पावणेचार फेऱ्या, पाच मिनिटांच्या आत धावायचं आणि राज्याच्या संघात जायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

*

एका शाळेनं तिचा सत्कार ठेवला. मी सोबत गेलो होतो. हेडमास्तर मुलांना म्हणाले, ताईंना विचारा, यशासाठी रोज काय करावं लागतं? एका मुलीनं उठून विचारलं.

मीरानं नीट विचार केला आणि म्हणाली, "मोजे धुवावे लागतात."

सगळी शाळा हसली. मीरा हसली नाही. तिनं समजावून सांगितलं की ओले, मळके मोजे घातले की फोड येतो आणि फोड आला की चार दिवस धावणं बंद.

हेडमास्तरांनी माईक घेतला. "म्हणजे मुलांनो, जिद्द आणि चिकाटी!"

मीरा हळूच म्हणाली, "न्हाई सर. मोजे."

*

आमचे कोच, त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, त्यांचा एक नियम होता. दुपारी साडेबारा ते दीड झोप. पाऊस येवो, पाहुणे येवोत, झोप म्हणजे झोप.

नायगावला मीराच्या मावसबहिणीचं लग्न होतं. मुहूर्त नेमका बारा पस्तीसचा. अक्षता पडल्या, बँड वाजला, जेवणाच्या पंगती उठल्या. मीरा कुठंच दिसेना. आईनं सगळा मांडव पालथा घातला. शेवटी सतरंज्यांच्या ढिगामागं सापडली, गाढ झोपलेली.

त्या लग्नाच्या अल्बममध्ये मीराचा एकच फोटो आहे. त्यात पण डोळे मिटलेलेच!

*

तिचे वडील शाळेत क्लार्क. एकदा ते पोरगी काय करते ते बघायला आले. तासभर माझ्या शेजारी बसले, मग विचारलं, "रोज असंच?"

"हाव."

"गोल गोल?"

"हाव."

"मग ह्याला सर कशाला लागतात? रस्ता तर चुकायचा न्हाई."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी मीराशी बोलून ठेवलं होतं. नांदेडच्या स्पर्धेत पाच मिनिटांच्या आत आली तर ठीक. नाहीतर मैदान बंद, नर्सिंगला नाव घालायचं. माणूस वाईट नव्हता. पोरीचं वय निघून चाललं, एवढीच त्यांची काळजी.

*

स्पर्धा महिन्यावर आली आणि मीराचा टाइम पाच मिनिटं चार सेकंदांवर अडकला. कधी तीन, कधी पाच, पण पाच मिनिटांच्या आत काही येईना. सरांनी खाणं बदललं, बूट बदलले, शेवटी स्टॉपवॉच पण बदललं.

एक दिवस ती पाण्याच्या टाकीजवळ बसली होती. मला म्हणाली, "मामा, माझ्यात तेवढंच असंल."

घरी गेलो तरी तेच डोक्यात. ती कधीच असं बोलणारी नव्हती. आपल्याकडून तर काही राहिलं नाही ना, असा विचार करता करता मला टिटवी आठवली.

वळणाची रेषा मी खुंटीला दोरी बांधून, ती गोल फिरवून आखतो. उन्हाळ्यात त्याच रेषेवर टिटवीनं चार अंडी घातली होती. मी दोरी अडीच हात जास्त सोडली आणि रेषा अंड्यांच्या बाहेरून नेली. एकाच वळणाला सोडली तर मैदान वाकडं दिसेल, म्हणून दुसऱ्या वळणालाही तेवढीच सोडली. पिल्लं निघून गेली. मी मात्र दर आठवड्याला त्याच रेषेवरून फक्की ओढत राहिलो.

सकाळी सरांना सांगितलं. त्यांनी टेप लावला. फेरीमागं सात मीटर जास्त! सरांनी टेप पुन्हा लावला, तेवढंच भरलं. मी म्हणालो, सर, मला कामावरून काढून टाका.

सर बोटांवर हिशेब करत होते. मग म्हणाले, "मामा, ही पोरगी पाच मिनिटांच्या आत कवापासून पळायली."

मी रेषा पुसायला झाडू उचलला. सरांनी हात धरला. म्हणाले, लांब फेरीच पळू दे, स्पर्धेत हलकं जाईल. रेषेला हात लावायचा नाही आणि मीराला सांगायचंही नाही, नांदेड होईपर्यंत. तो महिनाभर मला तिच्या तोंडाकडं बघवलं नाही.

*

नांदेडचं मैदान लाल, गुळगुळीत. मीरा पहिली आली. चार मिनिटं छप्पन्न सेकंद! सरांनी टोपी हवेत उडवली. वडील बोर्डावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होते.

मीरा मात्र आमच्याकडं आलीच नाही. धापा टाकत ती थेट पंचांच्या टेबलापाशी गेली. आम्ही मागोमाग पोचलो तेव्हा तिचं चालू होतं, "साहेब, फेरी एकदा मोजून घ्या. कमी भरायली."

पंच म्हणाले, बाई, चारशे मीटरचीच आहे, कागद आहे आमच्याकडं.

"कागद असंल. माझे पाय खोटं बोलत न्हाईत. उद्या कुणी म्हणंल, लहान मैदानावर पळाली. मला तसलं नको."

सर खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. नाडी बांधलेलीच होती.

मीरानं मागं वळून पाहिलं, माझा हात धरला आणि मला टेबलापुढं उभं केलं.

"मामा, तुमीच सांगा यांना. तुमी तर रोज आखता."