मैनाबाईचा हिरवा स्लॅब

बडनेऱ्यात रेल्वेलाईनच्या अलीकडे मैनाबाईनं घर बांधायला काढलं आणि साऱ्या गल्लीची झोप उडाली. भाजीची गाडी लावून परतली की बाई बांधकामावर हजर. विटा तिनंच वाहिल्या, भिंती तिनंच भिजवल्या. नवरा नत्थुजी निंबाखाली बाजेवर बसून देखरेख करायचा, म्हणजे घोरायचा.

टिनाचं जुनं खोपट मोडलं होतं. संसार ताडपत्रीखाली, पाऊस तोंडावर. स्लॅब ओतला, खाली बल्ल्यांचे म्हणजे लाकडी खांबांचे टेकू लागले आणि बाईचा जीव खालीवर सुरू झाला. रोज सकाळी मिस्त्री कुंदनच्या दारात.

“काढ ना रे बाबू त्या बल्ल्या. कदी राहाचं आमी घरात?”

“मावशी, स्लॅब कच्चा आहे. डोक्यावर घ्याचा का? पाणी मार अन् गुमान बस.”

गुमान बसणं बाईच्या कुंडलीतच नव्हतं. स्लॅबवर पाणी साचावं म्हणून मातीच्या पाळी घालतात, तिनंही घातल्या. पण जन्म भाजीच्या मळ्यात गेलेला. वाफा तयार, पाणी तयार, अन् पेरलेलं काही नाही? तिला बघवेना. काळी माती टोपल्यांनी वर चढवली आणि सांबार पेरला; पुण्याचे लोक त्यालाच कोथिंबीर म्हणतात.

बल्ल्या काढायला कुंदन आला, वर डोकावला आणि कपाळाला हात लावला.

“मावशी, एवढी ओली माती? बल्ल्या काढल्या का वाकन ना स्लॅब!”

“म्हंजे पावसात आमी बाहीरच?”

“चटनी तं होईन सांबाराची,” बाजेवरून नत्थुजी.

बाईनं पदर खोचला. वर चढली, कोवळ्या कोंबांसकट सारी माती खरवडून खाली फेकली. कुंदननं खालून तडा शोधला. दिसला नाही, पण भरवसाही देईना. सगळ्यांना बाहेर काढलं. बाई मात्र आत मधोमध उभी.

“बाहीर हो, मावशी!”

“माती मीच टाकली ना? पडला तं माह्याच डोक्यावर पडू दे. काढ.”

कुंदन ओरडून दमला. मग नत्थुजी बाजेवरून उठला, आत गेला.

“तुमी कावून आले?”

“सरक थोडी.”

कुंदननं ओठात शिवी देत एकेक बल्ली सोडवली. शेवटची धाडकन पडली. दोघांच्या डोक्यावर सिमेंटचा भुगा सांडला, बस.

बाईनं वर पाहिलं. डोळे पुसले. मग भिंतीकडे वळली.

“कुंदन, इकडून वाराच नाई येत रे. हातोडी आन, खिडकी फोडू.”