उमाकाकूंचं औरंगाबादचं घर

आमचं सामान अजून टांग्यातून उतरत होतं. समोरच्या दारातून एक बुटकीशी, गोल चेहऱ्याची बाई बाहेर आली आणि माझं नाव-गाव विचारायच्या आधी तिनं विचारलं, "माठ आणलाय का?"

मी नाही म्हटलं. "मग चल. ऊन वाढायच्या आत जाऊन येऊ. तुझे यजमान बसतील सामानापाशी." आणि खरोखरच ह्यांना वळकट्यांवर बसवून ती मला घेऊन निघाली. लग्न होऊन मला थोडेच दिवस झाले होते, परभणीबाहेरचं जग मी पाहिलं नव्हतं, आणि हैदराबादेत पाऊल टाकल्या टाकल्या मी एका अनोळखी बाईच्या मागे बरकतपुऱ्याच्या गल्ल्यांतून चालले होते. कुंभाराच्या दुकानात तिनं एकेक माठ उचलला, बोटाच्या पेरानं वाजवला, कान लावला. "मियाँ, ये तो खोकतंय," असं अर्धं दखनी, अर्धं मराठी बोलून तिनं दोन माठ बाजूला केले. कुंभार हसला. त्याला सवय असावी. येताना तिनं माझं नाव विचारलं आणि आपलं सांगितलं. त्या उमाकाकू.

आदल्या वर्षी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले होते. तेलुगू मुलूख आंध्राकडे, कानडी म्हैसूरकडे आणि आपला मराठवाडा मुंबई राज्याकडे गेला. मुलखाबरोबर सरकारी माणसांचीही वाटणी झाली. पिढ्यान् पिढ्या हैदराबादेत राहिलेल्या मराठी कारकुनांना, पेशकारांना, शिक्षकांना औरंगाबाद-नांदेडचे हुकूम आले. आमचे हे मराठी शाळेत मास्तर म्हणून रुजू झाले, तेही अशाच एका गेलेल्या मास्तरांच्या जागेवर. आमच्या गल्लीत रोज कुणाचं तरी सामान काचीगुड्याच्या स्टेशनाकडे निघालेलं असायचं. जाणारी बाई दारातल्या तुळशीला हात लावून रडायची, आणि त्याच घराच्या भिंतीला दुसऱ्या दिवशी घरमालक चुना मारून घ्यायचा.

उमाकाकूंचंही सामान बांधून ठेवलेलं होतं. यजमान महसूल खात्यात, त्यांची नेमणूक औरंगाबादेस झाली होती. एकदम एवढी माणसं तिकडे लोटल्यानं तिथं खोली मिळेना. "मी पुढे जातो, जागा बघतो, मग तुला न्यायला येतो," असं सांगून काका गेले, त्याला बरेच महिने लोटले होते. काकूंना मूलबाळ नव्हतं. पितळी भांडी पोत्यात, गाद्या सुतळीनं आवळलेल्या, वर काढलेलं एक पातेलं, एक तवा, दोन ताटं. एवढ्यावर त्या दिवस काढत होत्या आणि माझं घर मांडून देत होत्या.

कल्हईवाला कुठल्या वारी येतो, कोळसा कुणाकडचा ओला निघतो, दूधवालीशी तेलुगूत किती बोलायचं आणि कुठं गप्प राहायचं, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. आम्ही दोघी सुलतान बाजारात जायचो. "बाजारात येताना घाई घरी ठेवून यायची," त्या म्हणायच्या. काही घ्यायचं नसलं तरी कापडाच्या चार दुकानांत बसायचं, पाणी प्यायचं, नवीन आलेली इरकली उलगडून बघायची आणि उठायचं. शेवटी ठरलेल्या चुडीवाल्या चाचांकडे. चाचा म्हातारे होते, काकूंचा हात त्यांच्या हातात लोण्यासारखा दबायचा आणि बांगडी कधी चढली ते कळायचं नाही. हिरव्या काचेत बारीक सोनेरी रेघ, एवढीच काकूंची हौस. येताना एक सीताफळ घ्यायचं आणि बागेच्या कट्ट्यावर बसून दोघींनी खायचं. लग्न झालेल्या बायकांनी असं रस्त्यावर बसून खावं, हे परभणीत माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

एकदा मी माहेरच्या आठवणीनं रडत होते. ह्यांच्याशी काहीतरी बिनसलं होतं. काकू शेजारी बसल्या, डोळे पूस वगैरे काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "रुसायलासुद्धा ओळखीचं गाव लागतं बाई. इथं कोण येणार समजूत घालायला? ऊठ, आधी दोन-चार घरं ओळखीची कर, मग खुशाल रूस."

थंडीच्या सुरुवातीला त्या एक दिवस धावतच आल्या. औरंगाबादेत गुलमंडीजवळ दोन खोल्या मिळाल्या होत्या. काकांनी कळवलं होतं की थोडं काम करून घेतो आणि न्यायला येतो. त्या दिवशी काकूंनी वर काढलेलं पातेलंही घासून पोत्यात घातलं. "आता तुझ्याकडेच जेवते," म्हणाल्या, "हौ ना गं?" मी हौ म्हटलं. आठवडाभर त्या आमच्याकडे जेवल्या. मग तार आली.

काकांना ताप भरला होता. कसला ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. त्या नव्या जागेत ते एकटे पडून होते आणि कचेरीत दोन दिवस दिसले नाहीत म्हणून कुणी बघायला गेलं, तोवर उशीर झाला होता. बरोबरच्या कारकुनांनीच अग्नी दिला, आणि तार त्यानंतरची होती. काकूंचे थोरले भाऊ हैदराबादेतच, चिक्कडपल्लीत वकील होते. तेच औरंगाबादेला जाऊन सगळं उरकून आले. येताना काकांची ट्रंक आणली आणि त्याच आठवड्यात काकूंना आपल्या घरी घेऊन गेले. बांधलेलं सामान हातगाडीवर चढलं खरं, पण स्टेशनाकडे गेलं नाही. चिक्कडपल्लीला माळ्यावर जाऊन पडलं.

मी अधूनमधून जायची. मोठं घर, खाऊनपिऊन सुखी. काकू मागच्या खोलीत असायच्या, नाहीतर स्वयंपाकघरात. भावजय वाईट नव्हती, पण भाजीला गडी जायचा. "वन्संनी कशाला उन्हातान्हाचं बाहेर पडायचं? लोक म्हणतील, कामाला लावली नणंदेला," असं ती म्हणायची, आणि ते काकूंच्या भल्याचंच आहे असं तिला वाटत असे. काकू मला हळूच विचारायच्या, "वांगी कशी आलीत यंदा?"

एकदा मी हट्टानं त्यांना बाहेर काढलं. मला लुगडं घ्यायचंय, काकूंशिवाय पारख नाही, असं भावजयीला सांगितलं. सुलतान बाजारात शिरल्यावर काकूंची चाल बदलली, त्या पुन्हा दुकानांच्या पाट्या वाचू लागल्या, एका दुकानात बसून पाणी प्यायल्या. मला वाटलं, माणूस परत आलं. मग चुडीवाल्या चाचांचं दुकान आलं. चाचांनी लांबूनच ओळखलं आणि "आओ अम्मा, बहोत दिनों से..." म्हणत गादी झटकली. तेवढ्यात त्यांची नजर काकूंच्या कपाळावर गेली, मग मनगटांवर. हिरव्या बांगड्यांचा तोडा त्यांनी हातात घेतला होता, तो हलकेच मागे ठेवला आणि उठून उभे राहिले, एखादी मयत समोरून जावी तसे. काकूंनी त्यांना नमस्कार केला. "चल घरी," मला म्हणाल्या. त्यानंतर मी कितीही म्हटलं, त्या बाजारात आल्या नाहीत.

फक्त एकच गोष्ट त्यांनी माझ्यापाशी मागितली. "मला ती जागा बघायचीय गं. ह्यांनी घेतलेली." भावाला विचारलं तर ते म्हणाले, "आता तिथं काय आहे बघण्यासारखं?" शेवटी ह्यांनीच युक्ती काढली. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जातोय, काकूंना नेतो, असं सांगितलं. देवदर्शनाला कोण नाही म्हणणार?

गुलमंडीतल्या त्या दोन खोल्यांत आता दुसरं बिऱ्हाड होतं. तेही हैदराबादेहूनच आलेलं. माझ्याच वयाची बाई, कडेवर मूल, घर अजून नीट लागलेलं नाही. हैदराबादची माणसं म्हटल्यावर तिला इतका आनंद झाला की आम्ही कोण, का आलो, हे तिनं नीट विचारलंच नाही. मी नुसतं म्हटलं, "काकूंच्या नात्यातलं कुणीतरी पूर्वी इथं राहायचं." तिनं चहा टाकला आणि गाऱ्हाणी सुरू केली. पाणी अवेळी येतं, कोळसा महाग. "आणि ही फळी बघा ना," ती म्हणाली. "आधीच्या भाडेकरूंनी सुतार बोलावून मुद्दाम ठोकून घेतली म्हणे. एवढी खाली कुणी बसवतं का? हे सारखे डोकं आपटून घेतात."

स्वयंपाकाच्या खोलीत ओट्याशेजारी ती लांब फळी होती. काकू उठल्या आणि तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. टाचा उंच न करता त्यांचा तळहात फळीवर सपाट टेकला. तशाच त्या बराच वेळ उभ्या होत्या. ती बाई चहा गाळत होती. तिचं लक्ष नव्हतं.

"काढून टाका मग," काकू शांतपणे म्हणाल्या. "लाकूड चांगलं आहे. दोन पाट होतील."

टांग्यात बसल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "संसारात ह्यांनी भिंतीला एक खिळा कधी ठोकला नव्हता गं," एवढंच म्हणाल्या आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडल्या. तार आली त्या दिवशीही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वेरूळला गेलो. त्या देवळाच्या पायरीवरच बसून राहिल्या, आत आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी मराठी शाळेतली मुलं आणखी कमी झाली, वर्ग जोडले गेले आणि ह्यांचीही जागा गेली. नांदेडला नोकरी लागली. निरोप घ्यायला चिक्कडपल्लीला गेले तेव्हा काकू कावीळ होऊन अंथरुणाला खिळल्या होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे. मी जातेय म्हटल्यावर त्या उठून बसायला लागल्या.

"जागा मिळाली?"

"नाही अजून. हे आधी जातील, जागा बघतील, मग मला..."

"नक्को," त्यांनी माझं मनगट पकडलं. आवाजात ताकद नव्हती, पकडीत होती. "एकत्र जा. धर्मशाळेत राहा, कुणाच्या ओसरीवर राहा, पण त्यांना एकटं पुढे पाठवू नकोस. ऐकतेस ना?"

आम्ही एकत्र गेलो. नांदेडात काही दिवस धर्मशाळेत काढले, मग एक खोली मिळाली. सामान अजून सोडत होतो, तेव्हा काकू गेल्याचं वकिलांचं कार्ड आलं. मी बांधलेल्या गादीवर तशीच बसून राहिले. शेजारची गंगाबाई कामाच्या निमित्तानं डोकावली, माझा चेहरा बघून उंबऱ्यातच थांबली.

"कोण गेलं? कोण लागायच्या तुमच्या?"

"हैदराबादला शेजारी होत्या," मी म्हटलं.

"अस्सं. मग सुतक नाही," ती म्हणाली आणि गेली.

माझ्यानं काही उठवेना. ह्यांनी दोनदा विचारलं आणि मग तेही शेजारी येऊन बसले. दिवस कलायच्या सुमाराला गंगाबाई परत आली. पदराखाली झाकून आणलेलं पातेलं तिनं आमच्यापुढे ठेवलं. पिठलं-भात होता. आमच्याकडे न बघता तिनं आमची ताटं शोधून काढली, वाढलं, आणि आम्ही पहिला घास घेईपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिली.